भाकर कमी केली, तिच्या जागी काय?

वजन उतरवायचं ठरलं की गावात बहुतेक जण पहिल्याच दिवशी भाकर आणि भात बंद करतात. आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली येतो. पंधराव्या दिवसापर्यंत पोटऱ्यांत गोळे यायला लागतात, पोट साफ होत नाही, कामात जीव लागत नाही, आणि महिन्याभरात सगळं जुन्या जागी येतं. पहिल्या आठवड्यात उतरलेलं ते वजन बरंचसं पाण्याचं असतं. शरीर स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा ठेवतं आणि त्या साठ्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की पाणीही जातं. चरबी नंतर उतरते, तीही हळूहळू.

भाकर कमी करणं सोपं आहे. अवघड काम तिची रिकामी जागा भरण्याचं. प्रत्येकी साठ ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी ताटातून गेल्या तर ८० ग्रॅम कार्ब, म्हणजे पिठूळ आणि गोड कर्बोदकं, जातात, पण त्यांच्यासोबत बारा-बारा ग्रॅम प्रथिनं आणि चोथाही जातो. शिवाय लोह आणि ब गटातली जीवनसत्त्वं. ही भरपाई झाली नाही तर शरीर चरबीसोबत स्नायूही खातं. भरपाईचं सामान मात्र विदर्भातल्या घरात आधीपासूनच आहे: चणा, तूर, फल्लीदाणे, जवस, तीळ, सोयाबीन, ताक, अंडी आणि तलावातली मासोळी.

आधी हे पाहा

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी चालू असेल, तर कार्ब कमी केल्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं या तिच्या खुणा. गोळीचा डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या आणि मगच ताट बदला. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय कार्ब कमी करूच नयेत. त्यात साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. बीपीची गोळी चालू असेल तर वजन आणि पाणी उतरताना बीपीही उतरतं, त्यामुळे दर आठवड्याला मोजून घ्यावं.

किडनीचा आजार असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी आणि अठरा वर्षांखालच्या मुलांनी हा प्रयोग करू नये. आपल्या भागासाठी आणखी एक सूचना आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णाला उपाशी राहणं आणि अंगातलं पाणी कमी होणं म्हणजे दुखण्याचा झटका ओढवून घेणं. तपासणी झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी ती करून घ्या. हिमोग्लोबिन, साखर आणि बीपीही त्याच दिवशी पाहून घ्या.

आकडा ठरवायचा

दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली कार्ब आले की त्या जेवणाला साधारणपणे कमी कार्बचं म्हणतात. २०-५० ग्रॅमवर जाणारा कीटो हा वेगळा प्रकार आहे. चुलीवर एकाच घराचा स्वयंपाक होतो आणि बाजार आठवड्यातून एकदा भरतो, अशा ठिकाणी तो निभत नाही आणि वजन उतरवायला त्याची गरजही नाही. १००-१३० ग्रॅमवर राहिलं तर एक भाकर, थोडं वरण, भाजी आणि दही एवढं सगळं बसतं.

प्रथिनांचं माप सध्याच्या वजनावरून काढू नका. जे वजन गाठायचं आहे त्याच्या दर किलोला १ ते १.१ ग्रॅम धरा. वजन ७० किलो, गाठायचं ६० किलो, म्हणजे दिवसाला ६०-६५ ग्रॅम. उरलेली भूक तेल-तूप, दाणे आणि दुधातल्या स्निग्धानं भागवायची, तीही मोजून.

बसून काम करणाऱ्या साधारण ७० किलोच्या बाईचा हिशेब असा बसतो: कार्ब १२० ग्रॅम, प्रथिनं ६५, स्निग्ध ६०. कार्ब आणि प्रथिनं ग्रॅमला ४ कॅलरी देतात आणि स्निग्ध ९, म्हणजे एकूण १,३०० च्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत कमी हालचालीच्या ५५ किलोच्या बाईची गरज १,६६० कॅलरी धरली आहे. तीन-चारशे कॅलरींची ही तूट आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरवायला पुरते. याहून खोल गेलं की काही महिन्यांनी केस गळायला लागतात. तशाच कामाच्या पुरुषासाठी कार्ब तेवढेच ठेवून प्रथिनं ७०-७५ आणि स्निग्ध ७५ पर्यंत न्या.

भाकरीचं वजन

कोणत्याही तक्त्यात 'एक भाकर' लिहिलेली असते, पण भाकर किती ग्रॅमची हे घरोघरी वेगळं असतं. कुठे ती ६० ग्रॅम पिठाची असते, कुठे ११० ची. म्हणून एकदाच हे करा. रोजच्या सवयीनं एका भाकरीसाठी परातीत जेवढं पीठ घेता तेवढं पिशवीत भरा आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करून आणा. मग ६० ग्रॅम पीठ वेगळं काढा आणि घरातली कोणती वाटी त्यानं सपाट भरते ते पाहून ठेवा. ती वाटी पिठाच्या डब्यातच राहू द्या. डाळीसाठी ३० ग्रॅमचं आणि दाण्यांसाठी २५ ग्रॅमचं मापही असंच ठरवा. रोज काटा लागत नाही.

कार्ब किती ते लक्षात ठेवायला थोडेच आकडे पुरतात. ज्वारीच्या ६० ग्रॅम पिठात साधारण ४० ग्रॅम. गव्हाच्या ३० ग्रॅमच्या पोळीत १९-२०. ४० ग्रॅम कच्च्या तांदळात ३१, आणि तो शिजून साधारण एक वाटी भात होतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे दोन्ही वेळा भातच असतो, तिथे भाकरीच्या जागी हेच माप चालवा. भात पसवून घेतल्यानं कार्ब फारसे कमी होत नाहीत, ब गटातली जीवनसत्त्वं मात्र पेजेसोबत जातात. ज्वारी चांगली म्हणून कितीही चालते, हाही समज आहे. चोथा आणि खनिजांसाठी ज्वारी भातापेक्षा नक्कीच सरस आहे, पण कार्बच्या हिशेबात ती गव्हाच्या शेजारीच बसते.

दिवसाचं ताट

वरच्या १२० – ६५ – ६० मध्ये बसणारा एक दिवस असा:

सकाळी आणि दुपारी मिळून दोन कप बिनसाखरेचा चहा, त्यात एकूण १०० मिली दूध.

न्याहारीला दोन अंड्यांची भुर्जी. कांदा, भेदरं (टोमॅटो) आणि सांबार (कोथिंबीर) भरपूर, तेल एक चमचा. पोळी नाही.

दुपारी ६० ग्रॅम पिठाची एक भाकर, ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, दोन वाट्या भरून भाजी, एक वाटी दही, दोन चमचे जवसाची चटणी. फोडणीला दोन चमचे तेल.

चार-साडेचारला २५ ग्रॅम भाजलेले फल्लीदाणे, गुळाशिवाय.

रात्री ३० ग्रॅम सोयावड्यांची भाजी, त्यात दीड वाटी पालक किंवा पानकोबी, तेल दोन चमचे, आणि एक लहान पोळी.

इथे चमचा म्हणजे ५ ग्रॅमचा लहान चमचा.

अंडं चालत नसेल तर न्याहारीला ४० ग्रॅम बेसनाचं मेथी घालून धिरडं आणि ताक घ्या, आणि रात्रीची पोळी सोडा. बेसनात २० ग्रॅम कार्ब येतात, त्याची वळती पोळीतून होते. प्रथिनं चार-पाच ग्रॅम कमी पडतात, ती रात्री २५ ग्रॅम पनीरनं भरून निघतात. कोंबडी किंवा मासोळी असेल त्या दिवशी सोयावडी काढून १०० ग्रॅम मांस घ्या, त्यात १९-२१ ग्रॅम प्रथिनं मिळतात. मालगुजारी तलावांच्या भागात रोहू, कतला ताजे मिळतात आणि कमी कार्बच्या ताटासाठी त्यांच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. सावजी रस्सा असेल तर वरची तर्री बाजूला काढा आणि फोडी घ्या, कारण हिशेब तर्रीतल्या तेलानं बिघडतो.

वरणाकडे नीट पाहा. तुरीच्या ३० ग्रॅम डाळीत साडेसहा ग्रॅम प्रथिनं आहेत. पण चौघांच्या घरात थोड्याच डाळीचं पातळ वरण होतं आणि ताटात आलेल्या वाटीत दोन-तीन ग्रॅमच उरतात. भाकर कमी झाली तर डाळ घट्टच हवी. लाखोळीची, म्हणजे लाखेची, डाळ या बदलीसाठी वापरू नका. रोज आणि जास्त प्रमाणात ती खाल्ली तर तिच्यातल्या विषारी द्रव्यानं पाय कायमचे लुळे पडू शकतात. बेसनातही तिची भेसळ होते, म्हणून चण्याची डाळ आणून समोर दळून घ्यावी.

सोयाबीन: विकायचं आणि थोडं ठेवायचंही

शेतातलं सगळं सोयाबीन बाजार समितीत जातं आणि घरात प्रथिनं कमी पडतात. वर्षाला १५-२० किलो घरी ठेवलं तर ही अडचण उरत नाही. मात्र ते कच्चं दळून चालत नाही, कारण कच्च्या दाण्यातलं एक द्रव्य प्रथिनांचं पचन अडवतं. त्यानं पोट फुगतं आणि जुलाब लागतात. सोयाबीन बाधतं असं म्हणणाऱ्या बहुतेक घरांत ते कच्चंच दळलेलं असतं.

दाणे निवडून धुवा आणि सहा-आठ तास भिजत घाला. ते पाणी फेका. भरपूर ताज्या पाण्यात उकळी आल्यावर २० मिनिटं शिजवा. गाळून चादरीवर पसरा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे. मऊ लागला तर आत ओल आहे आणि पीठ बुरशी धरेल. नुसतं सोयाबीन चक्कीत टाकू नका, त्यातल्या तेलानं जातं चिकटतं आणि चक्कीवाला पुढच्या वेळी दळून देत नाही. दोन किलो ज्वारीत एक किलो वाळलेलं सोयाबीन मिसळून दळा. एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच दळा, उन्हाळ्यात हे पीठ लवकर खवट होतं.

या पिठाच्या ६० ग्रॅमच्या भाकरीत कार्ब ४० वरून ३१-३२ ग्रॅमवर येतात आणि प्रथिनं ६ वरून ११ वर जातात. मात्र भाकर थापताना कडा चिरतात. अशा वेळी कोमट पाण्यावर भागत नाही. उकळतं पाणी पिठावर ओता, उलथन्यानं कालवा, पाच मिनिटं झाकून ठेवा आणि मग हातानं चांगलं मळा. तरीही चिरली तर थोडी जाड थापा आणि तव्यावर पाणी फिरवल्यावर आच कमी ठेवा, कारण हे पीठ ज्वारीपेक्षा लवकर करपतं.

दोन गोष्टी मात्र पाळाच. पेरणीसाठी आणलेलं किंवा घरी औषध लावलेलं बियाणं, कितीही धुतलं तरी, खाण्यात येता कामा नये. खायचं सोयाबीन काढणीच्या वेळीच वेगळ्या पोत्यात भरून त्यावर खूण करा. आणि थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती सकाळी अनशापोटी घ्या. सोयाबीन दुपारपासून पुढेच खा, कारण ते गोळी अंगी लागू देत नाही.

भाजी, लोह, चुना

भाकरीतून गेलेला चोथा भाजीतून भरायचा, म्हणून भाजी तोंडी लावण्यापुरती ठेवून भागत नाही. दिवसाला कच्च्या वजनानं ३५०-४०० ग्रॅम तरी हवी. ढेमसं, दोडकं, वांगं, भेंडी, पानकोबी, बरबटीच्या कोवळ्या शेंगा, उन्हाळ्यात चिवळ, पावसाच्या सुरुवातीला तरोटा, मग काटवल, हिवाळ्यात मेथी आणि अंबाडी. आलू मात्र भाकरीच्या खात्यात धरा. वांग्याच्या भाजीत एक मोठा आलू पडला की १५ ग्रॅमहून जास्त कार्ब वाढतात. मुतखड्याचा त्रास असेल तर पालक कमी करा.

बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं. धान्य कमी झालं की ही तूट पहिल्यांदा दिसते, विशेषतः पाळी येणाऱ्या बायांत. पालेभाजी आणि डाळीवर लिंबू पिळा, आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा घेऊ नका. चहा लोह अडवतो. हिमोग्लोबिन बाईचं १२ च्या किंवा पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर ताटावर विसंबू नका, आरोग्य केंद्रातून गोळ्या घ्या.

चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठी, दही-ताक रोज हवंच. शिवाय दहा ग्रॅम तीळ सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देतात, आणि शेवग्याचा पाला वरणात घातला तर आणखी मिळतं. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून बारीक करा. अख्खा दाणा न पचता तसाच बाहेर पडतो. दूध-दही-अंडं यांपैकी काहीच न खाणाऱ्याला बी-१२ ची गोळी लागेल.

फळात एक मध्यम संत्रं १० ग्रॅम कार्बचं, तेवढं रोज चालतं, मात्र अख्खं खा, रस काढू नका. जांबही (पेरू) चालतो. केळं, सीताफळ आणि आमरस भाकरीच्या बदल्यात घ्या, भाकरीसोबत नाही.

मीठ, पाणी आणि नवतपा

तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं दुखतं, उभं राहिलं की गरगरतं. बहुतेकांना वाटतं कमजोरी आली, आणि ते पुन्हा दोन भाकरी खातात. अंगातल्या पाण्यासोबत मीठही गेलेलं असतं, म्हणून हे होतं. पाव चमचा मीठ आणि जिरं घातलेलं ताक दिवसातून एकदा-दोनदा घ्या, दोन दिवसांत फरक पडतो. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर हे जास्तीचं मीठ डॉक्टरांना विचारून. पोटऱ्यांत गोळे येत असतील तर ताक, पालेभाजी आणि दाणे वाढवा.

चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, त्या महिन्यात हे जेवण नव्यानं सुरू करू नका. आधीपासून चालू असेल तर नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, कार्ब १३० च्या वरच ठेवा आणि पाणी तीन लिटरच्या खाली जाऊ देऊ नका. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय.

हिशेब कुठे फुटतो

चहात. गावात दिवसाला पाच-सहा कप सहज होतात, आणि कपात दोन चमचे साखर धरली तर ५०-६० ग्रॅम कार्ब तिथेच संपले. ही साखर तुटली तर भाकर तोडावीच लागत नाही असेही लोक आहेत. गूळ घातल्यानं काही वाचत नाही, कार्बच्या बाबतीत गूळ आणि साखर सारखेच.

उपवासात. १०० ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कार्ब आणि प्रथिनं जवळपास शून्य. भगरही धान्यच आहे. उपवासाच्या दिवशी दही, पनीर, दाण्याची आमटी, काकडी आणि एक फळ यावर राहा.

तेलात. भाकर कमी झाली की भाजी चवदार लागावी म्हणून हात सुटतो. वरच्या ताटात दिवसाला एका माणसाचं तेल २५ ग्रॅम आहे, म्हणजे महिन्याला पाऊण किलो. चौघांच्या घरात ३ किलो, सव्वातीन लिटरच्या आसपास. पिप्यावर एक तारखेला खूण करा. पंधराव्या दिवशीच तो अर्ध्याखाली गेला असेल तर वजन का थांबलं ते तिथेच कळतं.

तर्री पोह्यांच्या प्लेटमध्ये. ६० ग्रॅम पोह्यांत ४६ ग्रॅम कार्ब असतात. बाजाराच्या दिवशी ते खाल्लेच तर दुपारची भाकर सोडा, वरण आणि भाजी सोडू नका.

कामाचे दिवस

निंदण, डवरणी, कापूस वेचणी, धानाची रोवणी असे दिवसभराचे कष्ट असतील तेव्हा १२० ग्रॅमवर राहू नका. त्या दिवशी एक भाकर वाढवा आणि ती कामावर जाण्याआधी खा, बेसन किंवा अंड्यासोबत. वर्षभर मजुरीच करणाऱ्या आणि पोट सुटलेल्या माणसानं कार्ब १८०-२०० वर ठेवून फक्त साखर आणि रात्रीचा भात कमी करावा, तेवढं पुरतं.

वजन रोज करू नका. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, उपकेंद्रातल्या एकाच काट्यावर करा. पोटाचा घेर बेंबीच्या रेषेत टेपनं मोजा. पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचा ८० च्या आत यायला हवा. तीन आठवडे काटा हललाच नाही पण घेर कमी होतोय, तर काही बदलू नका. दोन्ही थांबले असतील तर आधी तेलाचा पिपा पाहा, मग चहाचे कप मोजा, आणि त्यानंतरच रात्रीची पोळी काढा. वजन आठवड्याला किलोहून जास्त उतरत असेल तर दुसऱ्याच दिवसापासून अर्धी भाकर आणि एक वाटी घट्ट वरण परत ताटात घ्या.